बिघडलेल्या फोनोपायीं मुंबईची एक फेरी

मुंबईस जाण्यास कारणें पुष्कळ असतात. कोणी लग्नाच्या खरेदीसाठीं जातो, कोणी मोठ्या डॉक्टरांस प्रकृति दाखविण्यासाठीं, तर कोणी मुलांना राणीची बाग आणि चौपाटी दाखविण्यासाठीं. गेल्या कार्तिकांत आम्ही उभयतां व आमचा पुतण्या असे तिघे जण साताऱ्याहून निघालों तें यांपैकीं कोणत्याहि कारणासाठीं नव्हे. आमच्याबरोबर एक चावीचा ग्रामोफोन होता, एक विजेवर चालणारा रेकॉर्ड-प्लेअर होता, आणि गोधडींत बांधलेल्या बारा तबकड्या होत्या. या ओझ्यानें आम्हांस मुंबईच्या ज्या दोन रस्त्यांवर नेलें, ते प्रेक्षणीय स्थळांच्या यादींत सहसा सांपडावयाचे नाहींत. तथापि ज्यांच्या घरच्या माळ्यावर जुन्या तबकड्यांची पेटी आहे, त्यांस तेथें पाहिल्या-ऐकिल्या गोष्टी उपयोगी पडतील असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

अलीकडे अशा पेट्या पुष्कळ घरांतून पुन्हा खालीं उतरूं लागल्या आहेत. पेटी उतरते, यंत्र पुसलें जातें, मंडळी भोंवतीं बसतात, आणि पहिल्या पांच मिनिटांत बिघाड लक्षांत येतो. मग घरांतील प्रत्येकास कांहीं ना कांहीं उपाय सुचतो. आमच्या घरींहि तसेंच झालें. थोरल्या काकांनीं शिवणयंत्राचें तेल मागविलें. सुई उड्या मारते म्हणून वहिनी सुईच्या दांड्यावर ठेवण्यास रुपयाचें नाणें घेऊन आल्या. एका चिरंजीवांनीं तर जुनी सुई बोथट झाली म्हणून टांचणी बसविण्याची सूचना केली. तेव्हां आमच्या आत्याबाईंनीं पेटीवर हात ठेवून सर्वांस थांबविलें.

आत्याबाई आतां नव्वदीच्या घरांत आहेत. १९५४ सालीं त्यांचें लग्न झालें. त्याच वर्षीं पाडव्यास त्यांच्या यजमानांनीं हा चावीचा ग्रामोफोन आणि हीराबाई बडोदेकरांची एक तबकडी घरीं आणिली. यजमानांस जाऊन तीस वर्षें लोटलीं. आत्याबाईंचे कान दिवसेंदिवस मंदावत चालले आहेत, आणि पुढील वर्षीं आज ऐकूं येतें तितकेंहि येईल असा भरंवसा डॉक्टर देत नाहींत. त्या म्हणाल्या, "मला ती तबकडी एकदां नीट ऐकावयाची आहे, आणि ज्या यंत्रावर ऐकत आलें त्याच यंत्रावर ऐकावयाची आहे. तोंवर तिला कोणी हात लावूं नये." तबकडी एकच होती. तिची दुसरी प्रत मिळेल कीं नाहीं, हें कोणी सांगूं शकत नव्हतें. म्हणून प्रयोग घरीं करावयाचे नाहींत, जाणत्याकडेच जावयाचें, असें ठरलें.

दोन्ही यंत्रांचीं दुखणीं निरनिराळीं होतीं. चावीचें यंत्र मध्येंच 'धप्' असा आवाज करून गचका देई, गाणें उतरत उतरत रडूं लागे, आणि वरच्या सुरांबरोबर एक पत्र्यासारखी थरथर ऐकूं येई. विजेचें यंत्र पुतण्यानें अमेरिकेहून परततांना आणिलेलें. त्यावर सर्वच गाणीं खर्जाकडे झुकलेलीं व मंद, आणि मागें अखंड घूं घूं असा नाद.

असें यंत्र प्रवासास नेणें हीहि एक विद्याच आहे. सुईचा दांडा त्याच्या खुंटीवर सुतळीनें अलगद बांधावा. सुईवर तिचें झांकण असल्यास तें लावावें, आणि चावीच्या यंत्राची पोलादी सुई काढूनच टाकावी. विजेच्या यंत्राची फिरती थाळी सुटी निघत असेल तर ती निराळी गुंडाळावी, नाहीं तर वाटेंतील धक्क्यांनीं तिच्या मधला कणा दुखावतो. तबकड्या मात्र एकावर एक आडव्या कधींहि रचूं नयेत. पुस्तकांप्रमाणें उभ्या, एकमेकींस टेकवून न्याव्या. आणि उन्हाच्या बाजूस ठेवूं नयेत, कारण उन्हानें तबकडी पापडासारखी वांकते. आमच्या एस्. टी.च्या कंडक्टरांनीं पेट्या मागच्या सामानाच्या कप्प्यांत टाकण्याचा आग्रह धरिला. परंतु आंत काय आहे हें ऐकल्यावर त्यांनींच आम्हांस पुढची जागा करून दिली. खंबाटकी झाली, पुणें मागें पडलें, बोरघाट उतरला, आणि दुपारीं आम्ही मुंबई सेंट्रलच्या स्थानकावर उतरलों.

तेथून मटन स्ट्रीट फार लांब नाहीं. लोक ज्यास चोरबाजार म्हणतात, त्यांतील जुन्या वस्तूंची ही मुख्य गल्ली. ग्रँट रोड स्टेशनावरून येणाऱ्यांनीं पूर्वेकडे मौलाना शौकतअली रस्त्यानें चालत यावें. शुक्रवारीं येथें निराळाच बाजार भरतो; पहांटेपासून रस्त्यावरच मोडकें-तोडकें सामान मांडलें जातें आणि नेहमींचीं बरींच दुकानें बंद असतात. म्हणून दुरुस्तीच्या कामासाठीं शुक्रवार टाळावा. इतर दिवशीं गल्लींत शिरतांच दोहों बाजूंस जहाजांवरचे कंदील, हंड्या-झुंबरें, सिनेमांचीं जुनीं भित्तिपत्रकें, भिंतीवरचीं घड्याळें, आणि त्या सर्वांतून डोकावणारे पितळी कर्णे दिसतात.

या चकचकीत कर्ण्यांविषयीं एक इशारा दिला पाहिजे. त्यांतील पुष्कळ यंत्रें जुनीं नसतात. नवा पितळी कर्णा, नवी लांकडी पेटी, आणि कोठल्या तरी मोडक्या पेटींतून काढिलेली मोटार, असा जोड करून तीं शोभेसाठीं विकलीं जातात. दिवाणखान्यांत तीं सुंदर दिसतात, यांत शंका नाहीं. परंतु त्यांचा दांडा बहुधा तबकडीवर नीट रेषेंत चालत नाहीं, आणि अशा यंत्रावर ठेविलेली तबकडी थोड्याच दिवसांत खरडली जाते. शोभेची वस्तु शोभेसाठींच घ्यावी. तिच्यावर घरची तबकडी लावूं नये.

आम्हांस ज्या कारागिरांचा पत्ता मिळाला होता, त्यांची जागा गल्लीच्या एका फांट्यावर, कपाटाएवढी. वय सत्तरीचें. मूळचे रत्नागिरीकडचे, बोलणें स्वच्छ मराठी, त्यांत कोंकणचा हेल. आम्ही यंत्राची पेटी पुढें करूं लागतांच ते आमच्या सौभाग्यवतींस म्हणाले, "पेटी राहूं द्या ताई. अगोदर तबकडी दाखवा."

"उस्ताद, बिघाड यंत्रांत आहे," आम्हीं सांगितलें.

"यंत्र मोडलें तर मी आहें, मी नसलों तर माझा मुलगा आहे. तबकडी झिजली तर कोण आहे?"

त्यांनीं तबकडी कडांस धरून दिव्याखालीं तिरपी केली आणि आम्हांस जवळ बोलाविलें. चांगली राहिलेली तबकडी काळीभोर चमकते. झिजलेली करडी पडते, आणि तीहि सर्वत्र सारखी नव्हे. जेथें गाणाऱ्याचा आवाज चढतो, तेथें खांचेंतील वळणें मोठीं असतात; तेथेंच सुई अधिक घासते, आणि तेथेंच करडा पट्टा प्रथम उमटतो. हीराबाईंच्या तबकडीवर असा एक फिका पट्टा शेवटाकडे होता. बाकी तबकडी निरोगी होती. "ज्यानें वाजविली, त्यानें सुया बदलल्या आहेत," उस्ताद म्हणाले. हें वाक्य आम्हीं आत्याबाईंसाठीं मनांत जपून ठेविलें.

सुया बदलण्याचें कारण त्यांनीं मग समजावून दिलें. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या मुख्यतः लाखेच्या. त्या लाखेंत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळलेली असते. ही पूड पोलादी सुईला घांसून पहिल्या कांहीं फेऱ्यांतच खांचेच्या आकाराची करते. म्हणजे तबकडीच सुईस आपल्या मापाची बनविते. परंतु एक बाजू वाजून होईपर्यंत त्या सुईस दोन्ही अंगांस धारदार कडा येतात. तीच सुई पुन्हा लाविली तर त्या कडा खांच कातरूं लागतात. म्हणून पोलादी सुई एका बाजूस एकच. मग ती टाकून द्यावयाची. ग्रामोफोनच्या ध्वनिपेटीचा भार सुईवर शंभर ग्रॅमहून अधिक पडतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही काटकसर किती महाग पडते तें उमगेल.

ही लाख आपल्याच देशांतली, हें आमच्या पुतण्यास ठाऊक नव्हतें. १९०२ सालीं गेसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजान व इतर गायक-गायिकांचीं गाणीं मुद्रित केलीं. त्या वेळीं तबकड्या उमटविण्यासाठीं ठसे जर्मनींत हॅनोव्हर येथें पाठवावे लागत, आणि तयार तबकड्या बोटीनें परत येत. पुढें १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदा येथें कारखाना निघाला, आणि १९२८ पासून तो दमदम येथें गेला. लाखेची म्हणूनच ही तबकडी स्पिरिटानें कधींहि पुसूं नये. स्पिरिटांत लाख विरघळते. स्वच्छ पाण्यांत अगदीं थोडा सौम्य साबण घालून, मधला कागद कोरडा ठेवून, मऊ फडक्यानें खांचेच्या दिशेनें पुसावी व लगेच टिपून घ्यावी. नंतरच्या काळांतील विनाइलच्या तबकड्यांस हें भय नाहीं. परंतु त्यांसहि उर्ध्वपातित पाणी आणि मऊ ब्रश हेंच उत्तम.

मग पेटी उघडली. उघडण्यापूर्वीं उस्तादांनीं यंत्र चालू ठेवून चावी पूर्ण उतरविली. गुंडाळलेली कमान आंत असतां पेटी खोलणें धोक्याचें. ती सुटली तर बोटें कापते. 'धप्' आवाजाचें मूळ या कमानींतच निघालें. तिच्या वळ्यांमध्यें घातलेलें ग्राफाइटचें वंगण इतक्या वर्षांत डिंकासारखें आळलें होतें. वळीं एकमेकांस चिकटत आणि एकदम सुटत. गाणें रडत होतें तें वेग आवरणाऱ्या तीन गोळ्यांच्या खालच्या चामडी तुकड्यामुळें. तो वाळून कडक झाला होता. आणि पत्र्यासारखी थरथर येत होती ती ध्वनिपेटींतून. तेथें अभ्रकाची एक पातळ चकती दोन रबरी कड्यांमध्यें धरिलेली असते. रबर दगडासारखें झालें म्हणजे अभ्रकास मोकळेपणानें हलतां येत नाहीं. कमान राकेलांत धुऊन, नवें वंगण, नवें चामडें, नवीं रबरी कडीं, एवढ्यावर काम भागणार होतें. कोणताहि मोठा भाग मोडलेला नव्हता. थोरल्या काकांचें शिवणयंत्राचें तेल यांतील एकाहि दुखण्यावर चाललें नसतें.

यंत्र दोन दिवसांनीं मिळणार होतें. चांचणीसाठीं हीराबाईंची तबकडी ठेवून घेतां काय, असें विचारतां उस्तादांनीं एक तडकलेली, नांव पुसलेली तबकडी काढून दाखविली. दुरुस्तीनंतर प्रत्येक यंत्र प्रथम तिच्यावर चालतें. प्रत्येक घरीं अशी एक टाकाऊ तबकडी असावी, आणि नव्या सुईची व दुरुस्त यंत्राची पहिली परीक्षा तिच्यावरच घ्यावी, ही त्यांची शिकवण आम्हांस फार मोलाची वाटली.

दुसऱ्या दिवशीं विजेचें यंत्र घेऊन लॅमिंग्टन रस्त्यावर गेलों. या रस्त्यास आतां डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें नांव आहे. परंतु तारा, बल्ब, स्पीकर आणि यंत्रांचे सुटे भाग घेण्यास येणारा माणूस अजून जुनेंच नांव घेतो. एका जुन्या इमारतीच्या लांकडी जिन्यानें वर गेल्यावर एक मध्यम वयाच्या बाई भेटल्या. वडिलांचा रेडिओ-दुरुस्तीचा व्यवसाय त्या चालवितात. त्यांनीं यंत्रास हात लावण्यापूर्वीं विचारिलें, "काकू, गाणें नेमकें किती उतरतें?"

हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींच्या आवडीचा होता. त्यांनीं घरीं बाजाच्या पेटीवर पडताळा पाहिला होता. त्या म्हणाल्या, "इतकें, कीं मूळचा षड्ज हा उतरलेल्या षड्जाचा कोमल गंधार व्हावा."

"कोमल गंधार? मग निदान झालेंच," बाई हंसून म्हणाल्या.

त्यांनीं दिलेलें स्पष्टीकरण आमच्या संगीतप्रेमी वाचकांस रंजक वाटेल. अमेरिकेंतील घरगुती वीज सेकंदास साठ आवर्तनांची असते, आपली पन्नासांची. ज्या जातीची मोटार विजेच्या आवर्तनांच्या तालावर फिरते, ती येथें सहाच्या ठिकाणीं पांचच पावलें टाकते. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी पासष्ट फेऱ्यांनीं फिरते, आणि तेहतीस फेऱ्यांची अठ्ठावीसहून किंचित् कमी. आतां षड्जाशीं कोमल गंधाराचें प्रमाणहि सहास पांच हेंच आहे. म्हणून असें यंत्र हिंदुस्थानांत लाविलें कीं प्रत्येक गायक बरोबर तेवढाच उतरतो. पुतण्यानें विजेचा दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लाविला होता. त्यानें मोटार जळण्यापासून वांचली. परंतु ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, आवर्तनें बदलत नाहीं. यावर उपाय म्हणजे मोटारीच्या दांड्यावरील लहान पितळी चाक सहास पांच या प्रमाणांत मोठें कातून बसविणें. बाईंनीं तें लेथवर कातून घेतलें. थाळीस फिरविणाऱ्या रबरी चाकाची कड गुळगुळीत झाली होती, ती घांसून पुसली. आणि वेग पडताळण्यासाठीं पट्ट्यांची एक कागदी चकती दिली. आपल्या विजेवरील साध्या बल्बच्या उजेडांत चकतीवरच्या पट्ट्या स्थिर दिसल्या म्हणजे वेग बरोबर. पुढें सरकल्या तर जलद, मागें सरकल्या तर मंद. तेहतीस फेऱ्यांसाठीं या चकतीवर एकशें ऐंशी पट्ट्या असतात, अठ्ठ्याहत्तरांसाठीं सत्याहत्तर. नव्या एल्. ई. डी. दिव्यांचा उजेड पुष्कळदां लुकलुकत नाहीं. त्यांखालीं ही परीक्षा होत नाहीं.

घूं घूं आवाजाचा उलगडा त्याहून सोपा होता. यंत्राच्या मागें दोन मुख्य तारांबरोबर एक बारीक तिसरी तार असते. ती अँप्लिफायरच्या भूतारेच्या स्क्रूस जोडावी लागते. आमच्या येथें ती मोकळी लोंबत होती. चुंबकी कार्ट्रिजमधून निघणारा प्रवाह इतका क्षीण, म्हणजे एका व्होल्टाच्या सुमारें दोनशेंव्या भागाएवढा असतो, कीं भोंवतालच्या विजेची कुजबुजहि त्यांत मिसळते. त्याच कारणानें असें यंत्र अँप्लिफायरच्या 'फोनो' असें लिहिलेल्या जागींच जोडावें; इतर ठिकाणीं जोडल्यास आवाज अगदीं बारीक आणि निर्जीव येतो.

बाईंस आम्हीं विचारिलें, सामान्य गृहस्थानें घरीं बिघाड शोधावयाचा तर कोणत्या क्रमानें? त्यांचें उत्तर आम्ही येथें उतरून देतों.

प्रथम तबकडी उचलून बाजूस ठेवावी. नंतर सुई पाहावी. तिच्यावर कापसासारखा गोळा झाला असेल तर मऊ ब्रशनें मागून पुढें अलगद काढावा. बोट लावूं नये. सुई त्या तबकडीच्या जातीची आहे ना, याची खात्री करावी. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या खांचेस टोंक लागतें इंचाच्या सुमारें तीन सहस्रांशांचें. १९४८ सालीं निघालेल्या दीर्घ तबकडीस त्याच्या चौथाईच्या आसपास. बारीक सुई जुन्या खांचेच्या तळाशीं लोळते आणि नुसती खरखर ऐकविते. जाड सुई नव्या खांचेचा नाशच करिते. कांहीं यंत्रांत एकाच दांडीस दोन टोंकें असून तीं उलटवितां येतात. तेथें कोणतें टोंक खालीं आहे तें दर वेळीं पाहावें.

सुई उड्या मारीत असेल तर यंत्र सपाट बसलें आहे कीं नाहीं तें पाहावें. वाटीभर पाणी थाळीशेजारीं ठेवूनहि तें कळतें. मग दांड्याचा भार तोलावा. हल्लींच्या पुष्कळ चुंबकी कार्ट्रिजांस दीड ते अडीच ग्रॅम भार पुरतो. त्यावर ठेविलेलें नाणें त्याहून जड. त्यानें उडी थांबते, कारण सुई खांच फोडून सरळ जाते. वहिनींनीं हें ऐकून कानांस हात लाविला.

एकाच बाजूनें आवाज येत असेल तर मागील दोन तारांची अदलाबदल करावी. मुकी बाजू बदलली तर दोष यंत्राकडचा. न बदलली तर अँप्लिफायर वा स्पीकरकडचा. यंत्राकडचा ठरल्यास कार्ट्रिजच्या मागील चार रंगीत तारा पाहाव्या. तांबडी व हिरवी उजव्या बाजूच्या, पांढरी व निळी डाव्या बाजूच्या. बहुतेक वेळां त्यांतील एक सैल झालेली असते. आवाज मोठा करतांच घुमारा उठत असेल तर स्पीकर आणि यंत्र एकाच फळीवर आहेत असें समजावें व तीं निराळीं करावीं. गाणें डोलत असेल आणि यंत्र पट्ट्याचें असेल, तर रबरी पट्टा सैल किंवा चिकट झाला आहे. तो स्वस्त मिळतो, बदलून टाकावा. यानंतरहि बिघाड राहिला, तरच पेंचकस हातीं घ्यावा; आणि तेव्हां प्लग काढलेला असावा.

आपल्या दमट हवेचाहि एक बिघाड आहे. पावसाळ्यांत तबकड्यांवर बुरशी येते आणि लोक ती यंत्राची खरखर समजतात. आश्विनांत ऊन पडूं लागलें कीं तबकड्या सावलींत, हवेशीर जागीं काढाव्या. जुनीं कागदी पाकिटें बुरसलेलीं असतील तर टाकून नवीं घालावीं, नाहीं तर धुतलेली तबकडी पुन्हा त्याच रोगांत जाते.

संध्याकाळीं पुतण्याच्या आग्रहावरून काळ्या घोड्याकडे फिरावयास गेलों. तेथील ऱ्हिदम हाऊस २०१६ सालीं बंद झालें. तबकडी विकत घेण्यापूर्वीं ती ऐकून पाहण्याची सोय त्या दुकानांत होती, हें मुंबईच्या जुन्या रहिवाशांस आठवत असेल. पुतण्यास त्या बंद दुकानाची हळहळ वाटली. आम्हांस दुसराच विचार सुचला. जेथें तबकडी विकत मिळे, तेथें सुई कोणती व ती केव्हां बदलावी हेंहि विचारतां येई. तें ज्ञान आतां दोन-चार वृद्ध कारागिरांच्या हातांत आणि चिकाटीनें व्यवसाय चालविणाऱ्या थोड्या दुकानांत उरलें आहे. तबकड्या मात्र हजारों घरांत आहेत.

परतल्यावर घरीं एक वाद उभा राहिला, आणि तो क्षुल्लक नव्हता. दोन्ही यंत्रें आतां नीट चालत होतीं. हलक्या सुईच्या विजेच्या यंत्रावर तबकडी वाजविल्यास झीज नगण्य. चावीच्या यंत्रावर शंभर ग्रॅमांचा भार, आणि तो फिका पट्टा आणखी फिका होणार. थोरल्या काकांचें मत पडलें कीं तबकडी आतां एकट्या आत्याबाईंची नाहीं, ती पुढच्या पिढीची ठेव आहे. विजेच्या यंत्रावरच ऐकावी. वहिनी म्हणाल्या, ज्यांच्यासाठीं ठेव राखावयाची त्यांना ती न देतां राखून काय मिळवावयाचें? दोघांचेंहि खरें होतें. शेवटीं असें ठरलें कीं प्रथम जाड टोंकाच्या हलक्या सुईनें विजेच्या यंत्रावर वाजवून गाण्याची प्रत संगणकावर उतरून घ्यावी, ती तीन ठिकाणीं जपून ठेवावी, आणि मग आत्याबाईंस त्यांच्या यंत्रावर, नव्या सुईनें, ऐकवावें.

तसें केलें. आत्याबाई ध्वनिपेटीच्या अगदीं जवळ बसल्या. उस्तादांचें तें वाक्य, सुया बदलल्याबद्दलचें, आम्हीं त्यांस मोठ्यानें सांगितलें. त्यांनीं नुसती मान हलविली. गाणें सुरू झालें. अर्ध्या मिनिटांत त्या म्हणाल्या, "हें खालीं आहे." आम्हीं कागदी चकती दाखविली, अठ्ठ्याहत्तर फेरे बरोबर होते. "असतील. आमच्याकडे हें याहून थोडें वर वाजत असे." सौभाग्यवतींनीं वेगाची कळ तिळाएवढी सरकविली. आत्याबाईंनीं बोटानें आणखी थोडी अशी खूण केली, आणि मग हात खालीं घेतला. नंतर मोजून पाहतां यंत्र ऐंशी फेऱ्यांच्या जवळपास चालत होतें. त्यांच्या यजमानांनीं सत्तर वर्षांपूर्वीं कळ जेथें ठेविली होती, ती जागा त्यांच्या कानांस ठाऊक होती. तबकडी संपली, त्यांनीं दुसऱ्यांदा लावावयास सांगितलें नाहीं. "सुई काढून टाका," एवढेंच म्हणाल्या.

१९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं. त्यांत एकेक सोनेरी मुलाम्याची तबकडी आहे, आणि तिच्यावर जगांतील निवडक संगीताबरोबर गोव्याच्या केरी गांवच्या केसरबाई केरकरांची भैरवीहि आहे. पाठविणाऱ्यांनीं त्या तबकडीबरोबर कार्ट्रिज व सुईहि ठेविली, आणि झांकणावर ती कशी व किती वेगानें वाजवावी याच्या आकृति कोरिल्या. ज्यांच्या हातीं ती पडेल त्यांस आपली भाषा येणार नाहीं, हें त्यांनीं जाणलें होतें.

आपल्या नातवंडांस आपली भाषा येते. तरीहि एक चिठ्ठी पेटीच्या झांकणास आंतून चिकटवावी, अशी आमची वाचकांस विनंति आहे. सुई कोणती, ती किती दिवसांची, भार किती, वेगाची कळ कोठें, शेवटची दुरुस्ती केव्हां व कोणाकडे, एवढें तिच्यावर लिहावें. आमच्या पेटींत ती आतां लाविली आहे. वेगाच्या ओळींत अठ्ठ्याहत्तर हा आंकडा आहे, आणि त्याच्या शेजारीं, आत्याबाईंची तबकडी असल्यास ऐंशी.